घोड्यावरून न पडता

"केरीज स्पाइन," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी एक्स-रे पाकिटात परत घातला. म्हणजे मणक्याचा क्षय. पाठीतले एक हाड आतून पोखरले जाऊन पुढच्या बाजूने दबले आहे, असे त्यांनी समजावून सांगितले. पाठीवर सरळ निजून राहायचे, स्ट्रेप्टोमायसीनची इंजेक्शने घ्यायची. बरे व्हायला वर्ष लागेल, कदाचित जास्तही.

माझ्यापासून दुसऱ्या कोणाला होईल का, एवढेच मी विचारले. छातीचा फोटो स्वच्छ होता, त्यामुळे तशी भीती नाही, असे ते म्हणाले. मी मान हलवली, पण विश्वास बसला नाही. मीना, ग्लासगोला तुमच्या घरी असताना तू रोज आजीच्या पांघरुणात शिरून झोपत होतीस. अरुण माझ्या ताटातला भात खात होता. तुमच्या बाबांना हे कसे कळवावे, ते मला सुचेना, म्हणून मी काहीच कळवले नाही.

तुमच्याकडून परत येताना बोटीवरच पाठ दुखू लागली होती. मुलुंडला घरी पोचल्यावर वाकून बादली उचलता येईना. भूक गेली, अंग उतरले. डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत विचारले होते, "कुठे पडलात का? मार लागला का?" मी नाही म्हणाले, आणि ते खरेच होते. विचारलेल्या प्रश्नाचे नेमके उत्तर द्यायचे, ही मला शाळेपासूनची सवय.

क्षय म्हटल्यावर माणसे कशी वागतात, ते मी पूर्वी पाहिले होते. आता ते माझ्या वाट्याला आले. माझ्या जाऊबाई मागच्याच रस्त्यावर राहतात. त्यांच्याकडून दोन्ही वेळचे जेवण येई, पण पत्रावळीवर. भांडे परत न्यायला नको म्हणून. भिशीतल्या बायका फाटकापाशी प्रकृती विचारून निघून जात. इंजेक्शन द्यायला नर्स येई, तेवढाच माणसाचा हात अंगाला लागे. तुमचे आजोबा गेल्यावर मी याच घरात एकटी राहिले होते, पण तेव्हा दार माझ्या हातात होते. आता दुपारी जवळच्या दगडाच्या खाणीत सुरुंग उडाला की खिडकीची तावदाने वाजत, आणि मला बरे वाटे. काहीतरी आवाज झाला म्हणून.

शेजारच्या सावंतबाई मात्र सरळ आत येत. पलंगाच्या कडेला बसून माझे केस विंचरत. एकदा त्यांनी विचारले, विलायतेत सगळ्यात काय आवडले? मी म्हटले, घोड्यावर बसले ते.

आणि मग सगळे सांगितले. सुट्टीत तुम्ही मला डोंगरातल्या त्या गावी नेलेत. तिथली वाटाड्या बाई पर्यटकांना ठेंगण्या घोड्यांवर बसवून माळावर फिरवून आणायची. माझे लुगडे पाहून ती आधी थबकली, पण मागे कासोटा दिसल्यावर तिने मला हात देऊन चढवले. पुढे तुम्ही दोघे, मग मी, शेवटी तुमचे बाबा. चहूकडे जांभळी झुडपे आणि अंगावर बारीक धुके. परतताना उतारावर माझ्या घोड्याला तबेला दिसला आणि तो दुडक्या चालीने निघाला. मी खोगिरावर पोत्यासारखी आपटत होते. एकदा कमरेच्या वर मुसळ बसावे तसा दणका बसला. तुम्ही टाळ्या वाजवत होतात, म्हणून मी हसत उतरले.

सावंतबाईंना हसू आवरेना. "काय वो काकी, आमच्याकडे घोड्यार नवरो बसता. तुमी खंय चढलात?"

दुसऱ्या दिवशी डॉक्टर आले, तर या बाई दारातच त्यांना म्हणाल्या, "आमची काकी विलायतेत घोड्यार बसलेली. सांगल्यान काय तुमका?"

डॉक्टर माझ्याकडे वळले. "तुम्ही पडला नव्हतात म्हणालात."

"नव्हतेच पडले."

"मग काय झालं?"

मी दणक्याचे सांगितले. अंथरुणावर दुपारी काढणे कठीण झाले, की मी तीच सकाळ आठवत असे. माझ्या दुखण्याचे मूळ तिच्यात असेल, असे मनातही आले नव्हते.

त्यांनी मला शहरातल्या हाडांच्या सर्जनकडे पाठवले. तिथे पुन्हा एक्स-रे काढला आणि रक्ताची ईएसआर नावाची तपासणी केली. अंगात क्षयासारखे काही धुमसत असले, तर तिचा आकडा चढतो. माझा चढलेला नव्हता. क्षयात दोन मणक्यांमधली फट आधी नाहीशी होते. माझी शाबूत होती. सर्जन म्हणाले, "हे कॉम्प्रेशन फ्रॅक्चर आहे, हाड दबून मोडलंय. वयानं हाडं विरळ होतात, मग एवढा हादराही पुरतो." इंजेक्शने थांबली. मग प्लॅस्टरचे जाकीट आले आणि ते निघाल्यावर कॅनव्हासचा पट्टा. ऐन उन्हाळ्यात प्लॅस्टरखाली खाज सुटे, तेव्हा मी रडतही असे. पण तुमच्या बाबांना पत्र लिहिले ते निदान बदलले त्याच आठवड्यात.

तुमच्यापैकी कोणावर कधी आजारपणाची वेळ आली, तर डॉक्टरांना न विचारलेलेही सांगा. आनंदाचे असले तरी सांगा.

सर्जनच्या दवाखान्यात एक्स-रेची वाट पाहताना शेजारच्या बाकावर भांडुपची कुसुम आडवी झालेली होती. लग्न होऊन वर्षही झाले नव्हते. तिचे निदानही माझ्यासारखेच होते, केरीज स्पाइन. तिचे बदलले नाही.

जाऊबाई आता स्टीलच्या डब्यात लाडू पाठवतात आणि भिशीही माझ्याकडे होते. मी सगळ्यांना चहा देते. रागावले नाही, पण त्या गेल्या की घर पूर्वीपेक्षा मोठे वाटते.

पट्टा बांधून फिरण्याची परवानगी मिळाली, तशी मी भांडुपला जाऊ लागले. कुसुम पाठीवर निजून असते आणि तिला मासिकातली गोष्ट वाचून हवी असते. तिची सासू खोलीच्या उंबऱ्यापलीकडूनच विचारते, तुम्हाला भीती नाही वाटत?

वाटते, असे मी सांगते, आणि खुर्ची पलंगाजवळ ओढून बसते.