तमारेच्या पुढचा रस्ता

श्कोदर शहरात कुणाला डोंगरात फिरायला जायचं झालं की तो आधी लुलाश न्हाव्याच्या खुर्चीत येऊन बसे. केस वाढलेले असोत वा नसोत. आरशाशेजारी मळकट नकाशा टांगलेला होता. लुलाश कात्रीच्या टोकाने त्यावर लोकांचे मुक्काम ठरवून देई. पहिली रात्र कुठे, मासे कुठे खायचे, कुठल्या वळणावर बायकोला डोळे मिटायला सांगायचं. गिऱ्हाइकं जाऊन येत आणि त्याची तोंडभर स्तुती करत. तो स्वतः तमारे गावाच्या पुढे कधी गेलेला नव्हता. कुणी विचारत नसे, म्हणून तोही सांगत नसे.

तमारेत त्याची थोरली बहीण म्रिका राहायची, अगदी रस्त्याला लागून. तिच्या दारावरून गाडी नुसती पुढे न्यायची म्हणजे नातं तोडल्यासारखंच. म्हणून थांबायचं. मग कॉफी, कॉफीमागून राकीचे पेले, राकीमागून भाजलेलं कोकरू. शेवटी पोट धरून श्कोदरला परत. त्याच्या संसारातल्या सगळ्या सहली म्रिकाच्या सोफ्यावर संपल्या होत्या.

या उन्हाळ्यात त्याची बायको द्राने म्हणाली, "मला लपूशची कुरणं बघायचीत. सगळ्या गावाला पाठवतोस तिथे. यंदा नेलं नाहीस तर तुझ्या एखाद्या गिऱ्हाइकाबरोबर जाईन, आणि का, तेही त्याला सांगेन."

प्रश्न धंद्याच्या अब्रूचा होता. लुलाशने तीन दिवसांचा बेत आखला, एखादा सेनापती आखेल तसा. दोघं समुद्रावर चाललेत अशी बातमी पेरली. आपली निळी गाडी म्रिका आवाजावरून ओळखते, म्हणून शेजारच्या फुलवाल्याची व्हॅन मागून घेतली. तमारे ओलांडायचं ते भर दुपारी, ती झोपते तेव्हा.

"आणि झोपली नसली तर?" द्रानेने विचारलं.

"म्हातारी बाई आहे. झोपेल."

"तुझी बहीण आहे, लुलाश. ती कॉफीचं भांडं उशाशी घेऊन झोपते."

म्रिका गॅलरीत टक्क जागी होती, मांडीवर शेंगांची परात. लुलाशने टोपी नाकापर्यंत ओढली, द्राने फुलांच्या बादलीमागे वाकली. म्रिकाने व्हॅनकडे पाहिलं, लुलाशकडे पाहिलं, आणि पुढची शेंग सोलायला घेतली.

गाव मागे पडल्यावर द्राने सरळ बसून केस सारखे करू लागली. लुलाशचा चेहरा मात्र उतरत चालला होता.

"तिने बघितलं मला."

"बरं झालं. आता तू पुढे बघ, दरी आहे."

"बघितलं आणि हाक मारली नाही. सख्ख्या भावाला."

"लपून चाललेल्या भावाला कशाला हाक मारेल?"

"मी थांबलो नसतोच. पण तिने म्हणायला नको?"

पुढे जरा रुंद जागा दिसताच त्याने व्हॅन वळवायला घेतली. म्रिकाला जाब विचारल्याशिवाय त्याला लपूशचं गवत हिरवं दिसणार नव्हतं. आणि एकदा त्या सोफ्यावर बसला की यंदाचंही वर्ष गेलं, हे द्रानेला पक्कं माहीत होतं. तिने हँडब्रेक ओढला.

"रविवारी मीच फोन केला होता तिला. म्हटलं, जाताना आम्ही तुला दिसलोच नाही असं कर. येताना हवं तर त्याला बांधून ठेव. म्हणाली, कोकरू तयार ठेवते, पण त्या येड्याला फुलांच्या गाडीत बघून हसू आवरेल याची हमी देत नाही."

लुलाशने डोक्यावरची टोपी काढली. "म्हणजे माझा बेत..."

"बेत छान होता तुझा. रस्ता वगैरे."

उन्हं कलायच्या आत ते लपूशला पोचले. द्राने बूट काढून कुरणात बसली आणि अंधार पडेपर्यंत एक शब्द बोलली नाही. लुलाशने लग्नापासून तिला असं कधी पाहिलं नव्हतं. त्याने कुरणापेक्षा तेच जास्त पाहिलं.

दुकानातला नकाशा आहे तिथेच आहे. "तमारेतून सरळ पुढे जा," तो कात्री टेकवून सांगतो. "गॅलरीत एक म्हातारी दिसेल. तिने हाक मारली तर थांबायचंच. नाही मारली तर..."

कात्री क्षणभर अधांतरी राहते.

"तर आधी बायकोला विचारा."