कंप्युटरनं मिशी उडवली!

विश्रामबागेत आमचा छोटा स्टुडिओ आहे. लोक पाच मिनिटांसाठी येतात, चहा घेतात, आपलं चित्र बघतात आणि जाताजाता असं काहीतरी बोलून जातात, की आमचं काम तिथंच थांबतं. हे सगळं साठून साठून आता आमच्या घरी जेवताना भाजीपेक्षा किस्सेच जास्त वाढले जातात!

काम तसं साधं. लोकांच्या फोटोंचं आम्ही हाताने काढल्यासारखं कॉमिक करून देतो. माझा दीर संतोष कंप्युटरवर फोटोतले रंग घालवतो, कडा काळ्या करतो. फोटोच्या झाल्या रेघा! पण त्या रेघा मशीनच्याच वाटतात. मग त्यांच्यावरून पेन फिरवायचं, कुठे जाड, कुठे बारीक, हे माझं काम. वर चौकटी आणि बोलण्याचे फुगे.

सुरुवातीला संतोषला ठिपक्यांचं लय वेड. जुन्या छापील कॉमिकसारखे ठिपके तो सगळ्यांच्या चेहऱ्यावर टाकायचा. हळदीचे एक व्यापारी, सगळे त्यांना अण्णा म्हणतात, नातवाच्या बारशाचं कॉमिक बघायला आले. चष्मा वर केला, खाली केला.

"संतोष, मला कांजिण्या कवा झाल्या रं?"

"अण्णा, स्टाईल हाय ती. जुन्या कॉमिकात असंच असतंय."

अण्णांनी जरा विचार केला. "बरं. मग माझ्या तोंडावरचे काढ. व्याह्यांचे ऱ्हाऊ देत!"

कुंडलच्या एका वस्तादांची पंचाहत्तरी होती. पठ्ठ्यांनी कॉमिक करायला टाकलं आणि बघायला वस्तादांनाच घेऊन आले. वस्तादांची मिशी पांढरीशुभ्र, टोकदार. फोटो भर उन्हातला. पांढरं ते सगळं कंप्युटरनं कोरा कागद समजून साफ केलेलं! स्क्रीनवर वस्ताद लंगोट लावून, दंड फुगवून उभे. आणि ओठावर काहीच नाही.

वस्तादांनी आधी स्वतःची मिशी चाचपून बघितली.

"कुठं गेली?"

"कंप्युटरनं उडवली, वस्ताद," संतोष कसाबसा म्हणाला.

"उभा कर त्याला माझ्यासमोर!"

मी तिथंच बसून चौकटी-चौकटीत मिशी हाताने काढली. वस्ताद खुर्चीमागे. "वर घे, पोरी. आजून जरा वर." शेवटच्या चौकटीत मिशी पार भुवईला टेकली. तेव्हा म्हणाले, "हां. आता मी वाटतोय!"

साताऱ्याचे एक आजोबा-आजी लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसासाठी आले. आजीच्या फुग्यात काय लिहायचं विचारलं, की उत्तर आजोबा द्यायचे. "लिव्हा, 'आवं, चहा झालाय.' लिव्हा, 'तुमी म्हणाल तसं.'" आजी नुसती मान डोलवायच्या. उठताना मात्र माझ्या कानाशी आल्या.

"बाई, शेवटचा माझा फुगा लय मोठा काढ. आन् कोरा ठेव. घरी गेल्यावर मी भरते!"

कोयनानगरचे एक गृहस्थ रिटायर होणार होते, वसाहतीतलं घर सोडणार होते. त्या घराचं कॉमिक हवं होतं. हाताने काढल्यासारखं दिसावं म्हणून मी भिंती, दारं, खिडक्या मुद्दाम थोड्या वाकड्या केल्या. ते बघून म्हणाले, "सगळं घर हलतंय की, ताई!"

भूकंपाचा मुलूख तो, माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मी घाईने म्हटलं, "सरळ करून देते."

"नको, नको. ऱ्हाऊ द्या. आमी तिथं गेलो तवापासनं ते असंच हाय. हलतंय, पर पडत न्हाई." मग कितीतरी वेळ ते चित्राकडे बघत बसले. संतोषनं न विचारताच दुसरा चहा मागवला.

आणि रूपालीचं सांगायचं तर राहिलंच. साताऱ्याकडची. नवरा फौजेत, मुलगी चार वर्षांची. गेल्या सुट्टीत बाप घरी आला, तर पोरगी पलंगाखाली जाऊन बसली. सुट्टी संपली तरी जवळ गेली नाही. त्यामुळे दोघांचा एकत्र असा फोटोच नव्हता.

"दोघं एकत्र दिसतील असं करा. तिला रोज दावीन," रूपाली म्हणाली.

संतोषनं बापाचे फोटो वेगळे घेतले, मुलीचे वेगळे घेतले आणि जोडले. एरवी फोटोत असा जोड उघडा पडतो, पण नुसत्या रेघांमध्ये दिसत नाही. बाप वेणी घालतोय, बाप शाळेत सोडतोय. रंग भरू नका, असं रूपालीनंच सांगितलं होतं. पोरीला खडूनं रंगवायला आवडायचं.

पुढचं रूपालीनंच नंतर येऊन सांगितलं. पोरीनं गाय रंगवली, झाडं, आई, स्वतःचा फ्रॉक रंगवला. पप्पा तेवढा पांढराच ठेवला. आईनं विचारलं, तर म्हणाली, "मला कुठं म्हाईत हाय पप्पाचा रंग?"

रूपालीनं हे नवऱ्याला फोनवर सांगितलं. त्यानं ते तिला परत एकदा सांगायला लावलं.

पुढच्या सुट्टीत तो दुपारच्या एस्टीनं आला, वर्दीतच, खांद्यावर बॅग. पोरगी पायरीवर खडू घेऊन बसलेली. या वेळी पळाली नाही. उठली, जवळ गेली. त्याच्या हिरव्या बाहीवरून बोट फिरवलं, बोटाला काही लागलंय का बघितलं आणि घरात तोंड करून ओरडली,

"आई, पप्पाला कुणी रंगवलं?"