रीनाची यादी आणि आठवी आवृत्ती

रंगभूमीवर आम्ही एका संहितेवर अकरा वर्षं काढली. एक वाक्य इकडचं तिकडे झालं नाही. म्हणून रीना गजभियेचं काम पाहिलं की माझे हात आपोआप जोडले जातात.

बूढापाऱ्यात ती माझ्या खालच्या मजल्यावर राहते. आठवडाभर सिलतऱ्याच्या कारखान्यात ऑफिसचं काम, आणि रविवारी सिकलसेल या रक्ताच्या आजाराच्या रुग्णांसाठी रक्तदात्यांची वेबसाइट. पुस्तकं वाचून, एकटीनं उभारलेली. साइट लिहायची तिची संगणकी भाषा पीएचपी. त्या भाषेची दर हिवाळ्यात नवी आवृत्ती येते आणि जुनीचा सांभाळ काही वर्षांत थांबतो. म्हणजे प्रयोग चालू असताना संवाद बदलायचे, आणि नटानं अडखळायचं नाही!

यंदा साइट ठेवणाऱ्या कंपनीनं सातवी आवृत्ती बंद केली. रीनानं साइट आठवीवर चढवली. कुठं काही बिघडलेलं दिसलं नाही.

पुढच्याच रविवारी सकाळी चौबे कॉलनीतली क्षमा धावत आली. तिची नऊ वर्षांची मुलगी दवाखान्यात होती; बी निगेटिव्ह रक्त हवं होतं. रीनानं शोधलं. पडद्यावर आलं: एकही दाता नाही.

"असं कसं?" मी म्हणालो. "तो यशदीप आहे न बी निगेटिव्ह! मागच्या महिन्यात मीच फॉर्म भरून घेतला त्याचा."

"पक्कं, काका?"

"पोरी, मले कोणाची एंट्री विसरत नाही."

क्षमा रडायला लागली. "दीदी, बसा आधी," रीना म्हणाली. "तुम्ही रडून राहिल्या तर माहे हात चालत नाहीत."

नव्या आवृत्तीत काय काय बदललं, ते ती एका रजिस्टरमध्ये उतरवून ठेवते. त्यावरून बोट फिरवता फिरवता ती थांबली. शेवटचं रक्तदान किती महिन्यांपूर्वी, या रकान्यात आकडा हवा होता; आधी कधी न दिलेल्यासाठी शून्य. पण पहिल्यांदा येणारे आपले लोक तिथं सरळ 'कधीच नाही' लिहितात. जुनी आवृत्ती शून्याशी तुलना करताना त्या शब्दांना शून्यच धरायची. नवी धरत नव्हती. एकशे बारा माणसं विंगेत तयार उभी होती आणि त्यांना कुणी आत बोलावतच नव्हतं!

"वाचलं होतं मी हे," ती पुटपुटली. "आपल्या इथं लागू पडन असं वाटलंच नाही."

तिनं एक ओळ बदलली. तीन नावं उमटली. पहिलाच फोन यशदीपला.

"हव दीदी, अभी निकलता हूँ."

संध्याकाळी क्षमाचा फोन आला. "चढून राहिलं रक्त. झोपली आहे आता."

तो ठेवून रीनानं यादीतल्या पुढच्या माणसाला फोन लावला. त्या आठवड्यात कामावरून आल्यावर ती उरलेल्या एकशे अकरा जणांना एकेक करून विचारत होती: "मधल्या दिवसांत कोणी रक्त मागितलं का तुमच्याकडं? नाही? माफ करा हो, तुमचं नाव साइटवर दिसतच नव्हतं, चूक माझी होती."