आधी ती पट्टी काढा

माझ्या अब्बांनी नवा फोन बिघडवला, असं आमच्या घरात चार दिवस सगळे धरून चालले होते. त्याबद्दल मी आजही कुणाला माफ केलेलं नाही. स्वतःलासुद्धा नाही.

फोन मी मागवला होता. मुक्त सॉफ्टवेअरचा, म्हणजे ज्याच्या आतलं कुणीही बघावं, बदलावं, झाकणसुद्धा हातानं उघडावं असा. अब्बांनी जालन्यात आयुष्यभर घड्याळं दुरुस्त केली. दुकान बंद झाल्यापासून ते गप्पगप्प असायचे. म्हटलं, हा फोन दोघांनी मिळून सुरू करू. 'सुरुवात कशी करावी' हे मार्गदर्शक इंटरनेटवर इंग्रजीत होतं. मी एकेक पायरी वाचून सांगत होते, अब्बा डोळ्याला भिंग लावून तसं करत होते. झाकण काढा. सिम घाला. झाकण लावा. तीन तास चार्ज करा. बटण दाबून धरा.

पडदा काळा तो काळाच.

थोरला भाऊ दारातूनच म्हणाला, "अब्बा के हात में दिए ना? गया काम से." दुसऱ्या दिवशी अब्बांच्या एका जुन्या गिऱ्हाइकानं त्यांना गल्लीत थांबवलं. "चाचा, पोरीचा फोन खराब झाला म्हणं तुमच्याकून?" अब्बा नुसते हसले. घरी येऊन त्यांनी भिंग डबीत घातलं आणि डबी कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर ठेवली.

चौथ्या दिवशी इंटरनेटवरच्या कुठल्याशा चर्चेच्या तळाशी मला उत्तर सापडलं. बॅटरी आणि फोनची पितळी टोकं यांच्यामध्ये कारखान्यातूनच एक पारदर्शक प्लास्टिकची पट्टी घालून देतात, वाटेत फोन आपोआप सुरू होऊ नये म्हणून. ती काढल्याशिवाय काहीच होत नाही. मी झाकण उघडलं, नखानं पट्टी ओढून काढली, फोन सुरू झाला.

"ती मला दिसली होती," अब्बा म्हणाले.

"मग काढली का नाही?"

"तू वाचलंस त्यात नव्हतं. जितना लिखा है, उतनाइच करना."

भाऊ हसला. म्हणाला, एवढी साधी गोष्ट कळू नये माणसाला? तिथंच माझं डोकं फिरलं.

मी नवीन जालन्यात एका बियाणं कंपनीत पाकिटावरच्या सूचना लिहिते. 'बियाण्याला औषध लावलेलं आहे, खाऊ नये' हे आम्ही वर, लाल अक्षरात छापतो. शेतकऱ्याला अक्कल नाही म्हणून नव्हे. सांगणं हे आमचं काम आहे म्हणून. त्या मार्गदर्शकात कुणालाही बदल सुचवता येत होता. मी सुचवला: पहिली पायरी, ती पट्टी काढा. मार्गदर्शक सांभाळणाऱ्यांकडून गोड भाषेत उत्तर आलं की हे उघडच आहे, यादी उगाच लांबवू नये.

मग मी घरभर फिरून फोटो काढले. टीव्हीचा रिमोट, प्लास्टिकमध्ये. फ्रिजचं हँडल, प्लास्टिकमध्ये. भावाच्या मोटारसायकलची सीट, दोन वर्षं झाली तरी प्लास्टिकमध्ये. ते तिकडे पाठवून खाली लिहिलं: आमच्याकडे नव्या वस्तूवरचं प्लास्टिक काढत नाहीत, जपतात. तुम्हाला जे उघड दिसतं ते तुमच्या घरात उघड आहे.

"माझ्या गाडीचा फोटो कशाला?" भावानं विचारलं.

"पुरावा म्हणून."



मग तिकडून तडजोड आली. शेवटी 'अडचणी' असा भाग आहे, तिथं घालू. मी नाही म्हटलं. शेवटच्या पानापर्यंत माणूस पोचतो तोवर घरात कुणाचा तरी दोष ठरून गेलेला असतो. पहिल्याच पायरीवर लिहा, नाहीतर लिहूच नका. तीन आठवडे हे चाललं. ऑफिसातल्या मैत्रिणी म्हणायच्या, एका ओळीसाठी किती भांडशील? मी म्हणायचे, जितकं लागेल तितकं. शेवटी ती ओळ पहिल्या पायरीवर गेली.

मी ती अब्बांना वाचून दाखवली. भाऊ समोरच बसला होता. अब्बांनी ती पुन्हा वाचायला सांगितली, मग उठले, वरच्या फळीवरून डबी काढली आणि फोन मागितला. भिंग लावून बराच वेळ आत बघत राहिले.

"नखानं काढलीस ना? हे एक टोक वाकलंय बघ." त्यांनी चिमट्यानं ते हलकेच सरळ केलं. "तुझी ओळ अधुरी आहे. लिही, चिमट्यानं धरा आणि सरळ वर ओढा."

म्हणजे फोनला धक्का लागला होता तो माझ्या हातून. मला इतका आनंद झाला की काय सांगू. भावाकडे मी मुद्दाम बघितलं.

मी तोही बदल पाठवला. तिकडून विचारणा झाली, हे तुम्हाला कुणी सांगितलं?

मी लिहिलं, ज्यांना ती पट्टी पहिल्याच दिवशी दिसली होती, त्यांनी.