नोव्हेंबरच्या पावसात पुसलेलं नाव

परवा देवगाव फाट्याच्या पुढच्या एका गावात लग्नघराची भिंत रंगवायला गेलो होतो. नवरा-नवरीची नावं, कलश, दोन मोर... नेहमीचंच काम.

नोव्हेंबर म्हणजे आमच्याकडं सकाळी शेकोटी पेटवायचे दिवस. यंदा मात्र श्रावणासारखी झड लागली आहे... शेतात फुटलेला कापूस भिजून लोंबतोय, आणि ओल्या कपड्यांत गावोगाव फिरून मी नुसता थकून गेलोय.

माझी शाळा दहावीतच सुटली, म्हणून ह्रस्व-दीर्घाची जास्तच धास्ती. चुकलेलं नाव अख्खं गाव वाचतं. सकाळी पाऊस उघडला होता, भिंत कोरडी होती. पत्रिका समोर धरून एकेक अक्षर काढलं, 'चि. सौ. कां. शीतल' पूर्ण केलं आणि जेवायला बसलो.

हात धुवून बाहेर येतो तर मोठी सर आलेली. डिस्टेंपर अजून वाळला नव्हता. नवरदेवाचं नाव पार गेलं, नवरीचं अर्धं गुलाबी पाणी होऊन ओट्यावर उतरलं...

"अपशकुन हाय ह्यो," नवरीची आत्या म्हणाली. ते ऐकून नवरीची आई मटकन खालीच बसली. संध्याकाळी नवऱ्याकडचे लोक उष्टी हळद घेऊन येणार होते, आणि ओली भिंत तर रंग धरत नाही.

तेवढ्यात शीतल बाहेर आली. भिंतीकडं बघून म्हणाली, "आत्या, पावसानं हळदीच्या आधीच आंघोळ घातली की त्यांना. लय घाई दिसायलीय."

सगळे हसले, आत्यासुद्धा. आई मात्र हसली नाही. ती उठली आणि मला आतल्या खोलीत घेऊन गेली. दारासमोरच्या कोरड्या भिंतीवर हात ठेवून म्हणाली, "हितं लिवा."

मी म्हटलं, "मावशी, रस्त्यावरून दिसणार नाही."

"पाव्हणे आत येतेतच की. अन् पोरीचं नाव ऑईल पेंटनं लिवा. नवरदेवाचं कसंबी चालंल."

"आई!" शीतल ओरडली.

पावसानं लाईट गेली होती. माझी पाठ भरून आली होती. शेवटचं अक्षर होईपर्यंत मावशी माझ्यामागं मोबाईलची बॅटरी धरून उभ्या होत्या, हात एकदाही खाली केला नाही.

आजवर कितीतरी भिंतींवर मुलींची नावं लिहिली. मुलगी सासरी गेल्यावर ते नाव घरात कोणाला वाचायचं असतं, हे मला परवा कळलं.