लाल चौकोन

शेठने आईला सांगितलं, शनिवारपर्यंत नाव लालच राहिलं तर सोमवारपासून येऊ नका. मी शाळेत होते तेव्हापासून आई गोडादऱ्यातल्या त्या कारखान्यात साड्यांच्या घड्या करते. तिथल्या कॉम्प्युटरवर सगळ्या बायकांची नावं आणि शेजारी दिवसाच्या घड्या दिसतात. आकडा शंभराच्या आत असला की चौकोन लाल होतो. आईला आकडे वाचता येत नाहीत, रंग कळतो.

मग काय, जेवायचा वेळ वाचवायला तिने डबा नेणंच बंद केलं. संध्याकाळी यायची ती बोटं सुजवून. मी ओरडले, "अगं, उपाशी राहून हात चालतात का कुणाचे?" तर म्हणे, "मना हात धीमा पडनात व माय." आपलेच हात मंद पडलेत, असं तिला खरंच वाटत होतं. त्याचाच मला जास्त राग आला.

कारखान्यातलं ते सॉफ्टवेअर मी नोकरी करते त्याच पर्वत पाटियाच्या ऑफिसचं. लिहिणारा केव्हाच नोकरी सोडून गेलेला, निस्तरायला मी. शुक्रवारी कारखान्यात गेले. शेठने यादी खाली सरकवली. आईचं नाव लाल, शेजारी आकडा एकशे बारा!

"शेठ, आंकडा तो देखो!"

"पण लाल छे ने, बेन."

डोकंच फिरलं माझं. यादी वर नेली, परत खाली आणली. आता आई पांढरी आणि तिच्या वरची बाई लाल.

कोड उघडला. स्क्रीनवर मावतील तेवढेच चौकोन असतात, यादी सरकली की तेच पुढच्या नावांना मिळतात, लोचो खायच्या गाडीवर त्याच ताटल्या गिऱ्हाइकांत फिरतात तसे. 'शंभरपेक्षा कमी असेल तर लाल' एवढंच लिहिलं होतं. 'नसेल तर पांढरा' हे कुणी लिहिलंच नव्हतं. म्हणजे ताटली न विसळताच पुढच्याच्या हातात! ती ओळ घातली आणि शेठसमोर यादी वरखाली करून दाखवली. आई पांढरीच राहिली.

"चालो, मासीने कही देजो, सोमवारे आवी जाय," शेठ म्हणाले. आमचं चुकलं वगैरे काही म्हणाले नाहीत.

घरी येऊन आईला सांगितलं, चूक मशीनची होती, तुझं काम पहिल्यापासून चोख होतं. तिने दोन्ही हात माझ्यापुढे धरले. "मना हात चांगला शेतस ना?"

"हो गं आई, चांगलेच आहेत," म्हटलं आणि मला रडूच आलं.

सोमवारी पहाटे उठून मी तिचा डबा भरला. अंघोळ करून आले तोवर ती गेली होती. डबा ओट्यावरच होता.