पुस्तकांवरचे बूट

चौऱ्याहत्तर साली मंगरूळपीरच्या स्टँडवर अकोल्याची एसटी लागली, तेव्हा बा खिडकीखाली उभा राहून एवढंच म्हणाला, "पोरी, कोनापुढं वाकू नोको. पुस्तक सोडून." मी ऐटीत मान डोलावली. अंगात नवा स्वेटर, भर एप्रिलात! विलायतेत मास्तरीण होणार म्हणून आसेगावची ही महाराणी घाम गाळत बसली होती.

मागं राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारखं निघून गेलेल्यांनो, त्या महाराणीचा मला आजही राग येतो.

नवरा आधीच तिकडं कारखान्यात होता. मला एका शाळेनं सहा महिन्यांच्या बोलीवर घेतलं, पटलं तर कायम. एके दिवशी सूझन नावाच्या आठ वर्षांच्या पोरीला मी फळ्यावर अगदी वर तारीख लिहायला सांगितलं. हात पुरेना. तिनं चार जाड पुस्तकं रचली आणि बुटांसकट वर चढली.

माझं डोकंच फिरलं. बा शाळेच्या पडवीत बसून, आतलं ऐकून अक्षरं शिकलेला. पुस्तकाला हात लावला म्हणून त्यानं मार खाल्ला होता. छप्पन साली आम्ही बौद्ध झालो, घरातले देव गेले. पण पुस्तकाला पाय लागला की ते कपाळाला लावायचं, तेवढं राहिलं. मी सूझनला खाली ओढलं आणि साऱ्या वर्गासमोर एकेक पुस्तक कपाळाला लावायला लावलं. पोर रडत होती, आणि मी दीडशहाणी मनात म्हणत होते, आता शिकली!

दुसऱ्या दिवशी तिची आई आली. "माझी मुलगी कुणापुढं मान वाकवणार नाही." मी गार. हे तर बाचं बोलणं!

मुख्याध्यापिकाबाईंनी मला चहा पाजला. गोड आवाजात म्हणाल्या, "तुमचे लोक वस्तूंची पूजा करतात, आम्ही समजू शकतो. पण वर्गात माफी मागा, नाहीतर तुम्हाला ठेवता येणार नाही." तुमचे लोक म्हणजे कोण? बाला पडवीत बसवणारे, की बा? हे विचारायचं सोडून मी "येस मॅडम" म्हणाले. थू माझ्या जिभेवर!

घरी नवरा म्हणाला, "कायले ताणून राह्यली? म्हन सॉरी अन् मोकळी हो."

"त्या पोरीले म्हनीन. हेडबाईले नाई."

वर्गात मी सूझनची माफी मागितली. मग पडवीचं, माराचं, सगळं सांगितलं. तिनं विचारलं, "पण मिस, त्यांना आत का नाही बसू दिलं?" बाईंना सुचला नव्हता तो प्रश्न! मी सांगितलं, जेवढं जमलं तेवढं. ती ऐकून घेऊन म्हणाली, "वाईट होती ती माणसं. पण तारीख वर लिहायला तुम्हीच सांगितलं होतं. आणि मिस, तुम्ही फार ओरडता."

मी कायम झाले. कागद हातात देताना बाई हसून म्हणाल्या, "तुमचे लोक किती नम्र असतात!" तो कागद त्यांच्या टेबलावर आपटायला हवा होता. मी घडी घालून पर्समध्ये ठेवला.

तिकडं मी चुकले की अख्खा देश चुकायचा, आणि नीट वागले की श्रेयही देशालाच. आता आसेगावात परत आलेय, इथं चुकले तर शेजारीण तोंडावर म्हणते, "म्हातारे, तुले अक्कल नाई!" जिथं माझी चूक माझ्या एकटीची असते, त्याला मी घर म्हणते. विलायतेत ते मला एकदाच भेटलं, आणि ते आठ वर्षांचं होतं, फळ्यावर हात न पुरणारं.